कांपोतला येताय ना, मग मुक्कामी या!

प्रति,
कंबोडियाच्या सहली काढणारे महाराष्ट्रातले सर्व सहल-आयोजक आणि त्यांचे टूर मॅनेजर

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी काहींच्या कंबोडियाच्या कार्यक्रमपत्रिकेत हल्ली एक नवी ओळ दिसते: ‘सकाळी नॉम पेन्हहून कांपोत. मिरीचा मळा, काजव्यांची बोट. रात्री नॉम पेन्हला परत.’ मी या कांपोतमध्ये राहते. मूळची वेंगुर्ल्याची. नवरा मिरीच्या व्यापारातल्या नोकरीसाठी इथे आला, मी एका शाळेत इंग्रजी शिकवते, आणि बघता बघता हेच घर झालं. हे पत्र तुमच्या त्या एका ओळीबद्दल आहे. ती खोडा असं मी म्हणत नाही, वाढवा म्हणते. कांपोतला दोन रात्री द्या. दोन रात्री देणं जमणारच नसेल तर मात्र कांपोत वगळा आणि तो दिवस अंकोरच्या प्राचीन मंदिरांना द्या, तिथे तो सत्कारणी लागेल. अर्ध्या दिवसात तुमच्या प्रवाशांच्या पदरात काही पडत नाही, आणि आमच्या गावाच्याही नाही.

आधी गाव कसं आहे ते सांगते, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ते बसच्या काचेतूनच पाहिलं असणार. कांपोत हे त्याच नावाच्या प्रांताचं मुख्य ठिकाण. राजधानी नॉम पेन्हपासून साधारण दीडशे किलोमीटर दक्षिणेला. नदी गावाला खेटून वाहते आणि थोडं पुढे जाऊन समुद्राला मिळते. पाठीशी बोकोरचा डोंगर. १९५० च्या दशकात सिहानुकविलचं बंदर बांधायला घेतलं, तोवर या देशाचा समुद्रावरचा व्यापार कांपोतवरूनच चालायचा. व्यापार तिकडे गेला आणि चिनी व्यापाऱ्यांच्या दुमजली पेढ्या इथे राहिल्या, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. पिवळ्या भिंती, लाकडी झडपा, पुढे कमानींचा ओटा. त्यांतल्या काही आता कॅफे आणि गेस्ट हाऊस झाल्या आहेत, काहींत अजून हार्डवेअर आणि दोरखंड विकतात.

मधल्या काळात जे झालं ते तुमचे गाइड अंकोरच्या वाटेवर सांगतच असतील. १९७५ ते १९७९ ची ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाची राजवट, आणि ती गेल्यावरही वर्षानुवर्षं जंगलात चाललेली लढाई. १९९४ च्या जुलैमध्ये याच प्रांतात बंडखोरांनी आगगाडी अडवली, तीन परदेशी तरुण प्रवाशांना पळवून नेलं आणि पुढे ठार मारलं. त्याच रुळांवर २०१६ साली प्रवासी गाडी पुन्हा धावू लागली. ज्या प्रांताचं नाव परदेशी लोकांनी भीतीने घ्यायचं, तिथे आज परदेशी लोक घरं भाड्याने घेऊन राहतात. इथल्या माणसांनी हे अंतर कसं काटलं असेल, याचा विचार माझ्या मनात वारंवार येतो.

आम्हा परदेशी रहिवाशांबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण गावाच्या पर्यटनात आमचा वाटा आहे. गोऱ्या माणसाला इथे ‘बारांग’ म्हणतात. निवृत्त फ्रेंच आणि इंग्रज, ऑस्ट्रेलियातून आलेले, पाव भाजणारे, स्वयंपाकी, संस्थांमध्ये काम करणारे, लॅपटॉपवर नोकरी करणारे तरुण. आम्ही भारतीय मोजकेच. पुष्कळांनी आठ दिवसांसाठी येऊन वर्षं काढली आहेत. कारण विचारलं तर बहुतेक जण शांतता हेच सांगतात. रात्री नऊनंतर गल्ल्या ओस पडतात. संध्याकाळी नदीकाठी लोक फिरायला येतात, मच्छीमारांच्या होड्या एकामागून एक समुद्राकडे निघतात, आणि बोकोरच्या मागे सूर्य जातो. रोजचंच असलं तरी ते कुणी चुकवत नाही.

ही शांतता फुकट मिळत नाही हेही लिहिते. दुखणं गंभीर असेल तर नॉम पेन्ह गाठावं लागतं. पावसाळ्यात, म्हणजे मे ते ऑक्टोबर, कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी येते, कधी रस्त्यावर गुडघाभर पाणी. कोकणातल्या माणसाला यात नवीन काही नाही, बाकीच्यांना पहिलं वर्ष जड जातं. दरवर्षी व्हिसा वाढवायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, इथल्या राज्यघटनेने जमिनीची मालकी फक्त ख्मेर, म्हणजे कंबोडियन, नागरिकाला दिली आहे. तो नियम योग्यच आहे असं माझं मत आहे. त्यामुळे परदेशी माणसाचं हॉटेल, कॅफे, बेकरी, सगळं भाडेपट्ट्यावर. जागेचे भाव चढले की पट्टा संपल्यावर मालक जास्त पैसे देणाऱ्याला जागा देतो. कोरोनाच्या काळात विमानं थांबली तेव्हा किती दुकानांच्या झडपा बंद झाल्या ते आम्ही पाहिलं. जे तगले ते राजधानीहून शनिवार-रविवारी येणाऱ्या ख्मेर कुटुंबांच्या जोरावर. ही गोष्ट लक्षात ठेवा: कांपोतचा खरा पाहुणा आजही नॉम पेन्हचा आहे. देशात २०१९ साली सुमारे ६६ लाख परदेशी पर्यटक आले होते, २०२४ मध्ये तो आकडा पुन्हा ६७ लाखांवर गेला, पण त्यातले बहुतेक अंकोर आणि राजधानी पाहून परत जातात.

आता तुमच्या बसकडे येते.

परवा अशीच एक बस आली. कुणाची ते लिहीत नाही, कारण त्या एकट्यांचा दोष नाही. भर दुपारची वेळ. चौकातल्या ड्युरियन या फणसासारख्या काटेरी फळाच्या मोठ्या पुतळ्यापाशी फोटो झाले. जेवण नॉम पेन्हहून डब्यात बांधून आणलेलं, ते बसमध्येच झालं. मग मिरीचा मळा. मी तिथे कामानिमित्त होते, मराठी ऐकून जवळ गेले. चार प्रकारच्या मिऱ्या जिभेवर ठेवून झाल्या, दुकानात खरेदी झाली, आणि हाका सुरू झाल्या, ‘चला, चला, बोट चुकेल.’ एक आजी मागे राहिल्या होत्या. खांबावर चढलेल्या वेलाला हात लावून उभ्या. त्यांच्या माहेरी परसात मिरीचा वेल होता, सुपारीवर चढवलेला. त्या मला विचारू लागल्या, “इथे झाडावर का नाही चढवत गं? आणि तांबडी झाल्यावर काढतात ती कशी?” मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तोवर त्यांना दंडाला धरून बसकडे नेलं. टूर मॅनेजर मुलगा सालस होता, घामाघूम झाला होता, त्याच्या हातात वेळापत्रक होतं. त्याला मी काय बोलणार? ते वेळापत्रक ज्यांनी आखलं त्यांना आता सांगते आहे.

त्या आजींच्या प्रश्नाचं उत्तर इथे देते, कारण त्यातच सगळं आहे. इथे वेल लाकडी खांबांवर चढवतात, दोन-दोन पुरुष उंच. कोवळ्या वेलांवर झापांची सावली करतात. लावल्यापासून पहिलं पीक हाती यायला तिसरं वर्ष उजाडतं. तोडणी साधारण जानेवारी-फेब्रुवारीपासून मेपर्यंत. हिरवे घड तोडून उन्हात वाळवले की काळी मिरी. तांबडीचं काम वेगळं. एका घडात सगळे दाणे एकदम पिकत नाहीत, म्हणून पूर्ण लाल झालेलाच दाणा बघून निवडावा लागतो. तांबडे दाणे भिजवून साल काढली की पांढरी. सुपात दाणे घेऊन बायका ओट्यावर बसतात, नखाएवढी देठंसुद्धा वेगळी काढतात, फुटका दाणा बाजूला करतात. मी पहिल्यांदा त्यांच्यात बसले तेव्हा माझ्या सुपातलं अर्धं काम त्यांनी पुन्हा केलं. एका दुपारी एका बाईच्या हातून किती थोडा माल निवडून होतो हे बघितलं की दुकानातल्या बाटलीची किंमत आपोआप कळते, मग घासाघीस करायला जीभ वळत नाही.

या मिरीला २०१० मध्ये कंबोडियाचं भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ मध्ये युरोपीय संघाने ते मान्य केलं, असा मान मिळवणारं हे देशातलं पहिलं उत्पादन. इथे फ्रेंचांचं राज्य होतं त्या काळात ही मिरी पॅरिसच्या स्वयंपाकघरात मानाने जायची. ख्मेर रूजच्या वर्षांत मळे उजाड झाले, कारण त्या राजवटीला फक्त भात हवा होता. उरलेल्या घराण्यांनी परत येऊन पुन्हा वेल लावले. हे सगळं वीस मिनिटांत कसं सांगणार? सकाळी साडेसहाला मळ्यावर पोचलं, तोडणाऱ्यांबरोबर तासभर चाललं, मग मळ्यातच हिरव्या मिरीतलं काही खाल्लं, तर ती सहल झाली. आणि तुम्ही सांगितलंत तर मळेवाले असं आनंदाने करतात. मी विचारून पाहिलं आहे.

मिठागरांचंही तेच. या देशात मीठ पिकतं ते फक्त कांपोत आणि शेजारच्या केप प्रांतात. साधारण डिसेंबर ते एप्रिल. समुद्राचं पाणी वाफ्यात घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत आटवायचं, मीठ धरलं की फावड्याने ओढून ढीग करायचे, कावडीने वखारीत न्यायचे. पेण-उरणच्या माणसाला वेगळं काय ते एका नजरेत कळेल, आणि मुंबईच्या मिठागरांजवळून रोज लोकलने जाणाऱ्यालाही. काम पहाटे आणि दुपार कलल्यावर चालतं. दुपारी बाराला तुमची बस जाते तेव्हा तिथे चिटपाखरू नसतं. मग लोक म्हणतात, इथे काय बघायचं?

आणि नोम छ्नोक. हे नाव तुमच्या एकाही पत्रकात मी वाचलेलं नाही, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. केपच्या दिशेने काही किलोमीटर गेलं की भाताच्या शेतांतून कच्ची वाट एका चुनखडीच्या टेकडीपाशी जाते. दोनशेच्या आसपास पायऱ्या. वर गुहेचं तोंड, आत उतरलं की गारवा, आणि त्या गुहेच्या पोटात विटांनी बांधलेलं छोटंसं शिवमंदिर. सातव्या शतकातलं. म्हणजे अंकोर वाट उभं राहायच्या आधी चार-पाचशे वर्षं, आणि आपल्या वेरूळच्या कैलास लेण्याच्याही आधीचं. विटा एकमेकींवर अशा घट्ट बसवल्या आहेत की सांधा शोधावा लागतो. गाभाऱ्यात जे लिंग म्हणून पुजलं जायचं तो जमिनीतून वर आलेला चुनखडीचा नैसर्गिक खांब आहे. छतावरून ठिबकणाऱ्या पाण्याने तो घडवला. आधी लिंग होतं, मग त्याच्याभोवती देऊळ आलं. कार्ले, वेरूळ, घारापुरी बघत वाढलेल्या माणसाला तिथे जे वाटतं ते मला शब्दांत नीट मांडता येत नाही. डोंगर कोरून देव बसवणारे आपण, आणि डोंगराच्या पोटात देव सापडल्यावर त्याला घर बांधणारे हे लोक. तुमच्या प्रवाशांत अशी कितीतरी माणसं असतात जी यासाठी दहा मॉल सोडतील. पायऱ्या चढायला ज्येष्ठांना वेळ लागतो, उजेडासाठी टॉर्च लागतो, पायात चप्पलऐवजी बूट लागतात. खाली गावातली शाळकरी मुलं असतात, वाट दाखवतात, त्यातली काही छान इंग्रजी बोलतात. त्यांना शाळेच्या वेळेत मात्र बोलावू नका आणि चॉकलेटं वाटू नका. गाइड म्हणून वाटाड्या घ्यायचा तर गावातला मोठा माणूस घ्या आणि त्याला ठरलेले पैसे द्या.

बोकोरबद्दल मोजकंच लिहिते. उंची हजार मीटरच्या वर, फ्रेंचांनी १९२० च्या दशकात तिथे थंड हवेचं ठिकाण वसवलं. मोठं हॉटेल १९२५ मध्ये उघडलं. तो रस्ता आणि त्या इमारती उभारताना शेकडो मजूर मेले, त्यांच्या नावाचा दगडही मला तिथे दिसलेला नाही. आता वर चांगला रस्ता आहे, कॅसिनो आहे, जुनं चर्च आहे, धुकं आहे. सकाळी लवकर गेलात तर समुद्र आणि पलीकडचं व्हिएतनामचं फू क्वोक बेट दिसतं. अर्धा दिवस पुरे.

हल्ली मला महाराष्ट्रातून फोन येतात ते एकाच प्रश्नाचे: तिकडे सुरक्षित आहे का? लपवण्यात अर्थ नाही. कंबोडियात ऑनलाइन फसवणुकीचे अड्डे चालतात आणि ‘डेटा एंट्री’च्या नोकरीचं आमिष दाखवून आपल्याकडच्या तरुणांनाही तिथे अडकवलं गेलं आहे. आपल्या दूतावासाने त्याबद्दल वारंवार सावध केलं आणि अनेकांची सुटकाही केली. २०२५ मध्ये एका कोरियन विद्यार्थ्याचा मृतदेह बोकोरच्या परिसरात सापडला तेव्हा आमच्या प्रांताचं नाव जगभर झालं. आम्हा सगळ्यांना ते फार लागलं. पर्यटक म्हणून येणाऱ्याला गावात या गोष्टीची झळ बसलेली मी पाहिलेली नाही, रात्री एकटीने चालत घरी येताना मला भीती वाटत नाही. पण तुमच्याकडे कुणी ‘फक्त तिकीट आणि व्हिसा करून द्या, तिकडे नोकरी लागली आहे’ म्हणत आलं तर कृपा करून त्याला बसवून चार प्रश्न विचारा. हे काम तुमच्याइतकं सहज दुसरं कुणी करू शकत नाही. थायलंडच्या सीमेवर २०२५ मध्ये जी लढाई झाली ती उत्तरेला आणि पश्चिमेला. आमचा प्रांत दक्षिणेला, व्हिएतनामच्या बाजूला. बँकॉकहून रस्त्याने अंकोरजवळच्या सिएम रीपला आणायचे तुमचे जुने कार्यक्रम मात्र आता विमानावरच आखलेले बरे.

मी दोन रात्रींचा एवढा हट्ट का धरते त्याचं कारण पैशाचं आहे आणि ते सरळ सांगते. अर्ध्या दिवसाच्या बसमधून गावात उतरतं ते मिरीच्या दुकानातलं आणि बोटीचं भाडं. जेवण बाहेरचं, पाणी बसमधलं, गाइड राजधानीचा, बस राजधानीची. मुक्काम झाला की खोली भरते, चादरी धुणाऱ्या बाईला काम मिळतं, सकाळच्या बाजारातून फळं येतात, टुकटुकवाल्याला दिवसाची भाडी मिळतात, संध्याकाळी नदीकाठी नारळ विकणाऱ्या मिंगचे, म्हणजे आमच्या मावशीचे, चार शहाळे जास्त खपतात. शाळेतल्या माझ्या मुलींच्या आया यातलीच कामं करतात. त्यांचं बरं चाललं की मुली दहावीच्या पुढे शिकतात, नाहीतर राजधानीच्या कपड्यांच्या कारखान्यात जातात. हे मी वर्गातल्या रिकाम्या बाकांवरून सांगते आहे.

तेव्हा येताना चाळीस-पन्नासची बस आणू नका. जुन्या गावातल्या गेस्ट हाऊसांत दहा-बारा खोल्या असतात, तेवढी माणसं एका वेळी आणा. मोठा गट असेल तर दोन भाग करा, एक कांपोतला आणि एक पंचवीस किलोमीटरवरच्या केपला, दुसऱ्या दिवशी अदलाबदल. केपचा खेकड्यांचा बाजार आणि हिरव्या मिरीतले खेकडे हे मालवणी जिभेच्या माणसाने न खाता परत जाणं मला बघवत नाही. शुक्रवार-शनिवार टाळा, तेव्हा गाव राजधानीच्या लोकांनी भरलेलं असतं आणि भावही चढे असतात. सोमवार ते गुरुवारी खोल्या रिकाम्या असतात, तुम्हालाही दर चांगला मिळेल. नाताळच्या सुट्टीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. मेच्या सुट्टीत आलात तर उकाडा सोसावा लागेल, पण ड्युरियनचा हंगाम सुरू झालेला असतो. दिवाळीत पाऊस नुकताच ओसरलेला, शेतं हिरवीगार, मिठागरं मात्र पाण्याखाली.

जेवणाची तुमची अडचण मला कळते. ख्मेर स्वयंपाकात माशाचा रस आणि प्राहोक, म्हणजे आंबवलेल्या माशाचा गोळा, जवळपास सगळीकडे असतो. शाकाहारी आणि जैन प्रवाशांसाठी तुम्ही महाराज बरोबर आणता ते योग्यच आहे. तरी दोन दिवसांत एक जेवण इथलं ठेवा. ‘म्होप बुअस’ म्हणून आदल्या दिवशी सांगितलं तर भिक्खूंसाठी करतात तसं मासळीविना जेवण मिळतं: केळफुलाची कोशिंबीर, नारळाच्या दुधातली भाजी, भात, आंबा. कोकणातल्या माणसाला परकं वाटणार नाही. महाराजांना सकाळी बाजारात घेऊन गेलात तर अळू, फणस, कच्ची केळी, ओलं खोबरं सगळं तिथेच मिळेल, आणि ते पैसेही गावात राहतील.

काजव्यांच्या बोटीबद्दल एक विनंती. काजवे खारफुटीच्या झाडांवर अंधारात लुकलुकतात. बोटीवर कर्ण्यातून गाणी लावली आणि मोबाइलचे दिवे पेटवले तर उरतं ते फक्त पाणी. तुम्ही गिऱ्हाईक आहात, तुम्ही आधी सांगितलंत की गाणी नकोत तर बोटवाला लावणार नाही.

भाद्रपदातला वद्य पक्ष तुम्ही सहलींसाठी रिकामा सोडता, पितृपक्षात कोण निघणार म्हणून. पण इथे त्याच सुमारास प्चुम बेन असतो, पूर्वजांचा पंधरवडा. पहाटे चारला लोक विहारात जमतात, भाताचे गोळे करून अंधारात विहाराभोवती टाकतात, भुकेल्या पितरांना पोचावेत म्हणून. तीळ घातलेले ते गोळे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी घरी येऊन आईला फोन केला होता. मी याची सहल काढा म्हणत नाही, लोकांचं दुःख असतं त्यात, कॅमेरे नकोत. पण तुमच्या गाइडला हे माहीत असावं, म्हणजे अंकोरपुरतंच आपलं आणि यांचं नातं आहे असं प्रवाशांना वाटणार नाही.

काही जण म्हणतील, कांपोतने मोठं व्हायचं नाही का? व्हावं, पण शेजारी काय झालं ते इथला प्रत्येक माणूस जाणतो. शंभरेक किलोमीटरवर सिहानुकविल आहे. काही वर्षांत तिथे कॅसिनोंची रांग लागली, समुद्रकाठची छोटी दुकानं हलवली गेली, घरभाडी अशी चढली की शिक्षकांना गाव सोडावं लागलं. २०१९ च्या जूनमध्ये बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून २८ माणसं गेली, बहुतेक मजूर, जे त्याच इमारतीत झोपत होते. ऑगस्टमध्ये सरकारने ऑनलाइन जुगारावर बंदी जाहीर केली, गुंतवणूकदार निघून गेले, आणि अर्धवट इमारतींचे सांगाडे उरले. जे झपाट्याने आलं ते तितक्याच झपाट्याने गेलं, आणि जे आधीचं होतं तेही परत आलं नाही. माझ्या जिल्ह्यात तारकर्ली-मालवणच्या किनाऱ्यावर सुट्ट्यांच्या दिवसांत काय गर्दी उसळते आणि नंतर वाळूत काय उरतं, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. तिथल्या घरगुती खानावळी आणि न्याहारी-निवासाच्या खोल्या, जिथे घरच्या बाईच्या हाती पैसे येतात, त्या मात्र मला फार मोलाच्या वाटतात. कांपोतलाही तसंच पर्यटन पेलेल. खोल्या थोड्या, माणसं थोडी, दिवस जास्त.

तुमचा यात तोटा आहे असं मला वाटत नाही. अंकोर आणि राजधानी सगळेच दाखवतात. सातव्या शतकातलं गुहेतलं देऊळ, पहाटेचा मिरीचा मळा आणि मिठागर दाखवणारा आयोजक महाराष्ट्रात मला अजून भेटलेला नाही. जो पहिल्यांदा नीट करेल त्याच्याकडे लोक दुसऱ्यांदा येतील, विशेषतः ज्यांचं अंकोर बघून झालं आहे असे.

डिसेंबरच्या कार्यक्रमपत्रिका छापायला जाण्याआधी तुमच्यापैकी ज्यांना पाहणी करायची असेल त्यांनी कळवावं. शाळा सुटल्यावर आणि रविवारी मी मोकळी असते. मळेवाल्यांशी, गेस्ट हाऊसच्या मालकांशी, टुकटुकवाल्यांशी बोलणं करून देईन, ख्मेर भाषेची अडचण आली तर बरोबर बसेन. यासाठी मला मानधन नको आणि कमिशन तर नकोच. फक्त नॉम पेन्हचं परतीचं तिकीट त्याच दिवसाचं काढू नका.

आपली,
कांपोतची एक मराठी रहिवासी